पडद्यामागचं स्वयंपाकघर

सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला तरी मी नीट बसले नव्हते. रुमालाला पीळ घालून झाला, चप्पल तीनदा काढून घातली, एकदा उगाच बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. शेजारी आई ढिम्म. ज्या नाटकावरून हा सिनेमा काढला होता त्याच्या शेवटाची मला धास्ती होती. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या नाशिकच्या प्रयोगात तो शेवट मी बिघडवला होता, आणि बोलणी आईने खाल्ली होती.

नाटक तसं साधं. दिंडोरीकडचं एक कुटुंब. बाप आणि दोन मुलगे बाहेरच्या खोलीत बसून ठरवतात की द्राक्षबाग विकायची आणि शहरात ब्लॉक घ्यायचा. बाग वाढवली आईने, पण तिला कोणी विचारत नाही. आणि ही आई रंगमंचावर येतच नाही. ती आत, स्वयंपाकघरात. तिचं सगळं बोलणं भांड्यांच्या आवाजांतून.

आमच्या गल्लीतले एक काका बँकेतली नोकरी सांभाळून दरवर्षी स्पर्धेसाठी नाटक बसवायचे. त्यांनी आधी भांड्यांचे आवाज टेप केले होते. ते ऐकून वाटे, घोटीजवळच्या घाटात ट्रक उलटलाय. शेवटी ते आमच्याकडे आले. "वहिनी, तुम्हीच बसा ना विंगेत." माझी आई शाळेच्या गॅदरिंगलाही कधी उभी राहिली नव्हती. तिने आमचीच भांडी पोत्यात भरली. तालमी चालू होत्या तेवढे दिवस आमच्याकडे चहा तांब्यात उकळायचा.

काय वाजवायची ती! थोरला खोटं बोलला की वाटी जराशी जोरात. नवरा म्हणाला, "तिला काय कळतंय," की पोळपाटावरचं लाटणं थांबायचं आणि मग पुन्हा, सावकाश, सुरू व्हायचं. मी कॉलेजात होते. पुस्तक घेऊन तिच्या शेजारी बसायचे, कोणी वाक्य विसरलं तर सांगायला.

शेवट असा होता. बाप म्हणतो, "झाला सौदा." आतले आवाज बंद. तिघेही आतल्या दाराकडे बघत राहतात. विंगेत माझ्या आईने मनात वीसपर्यंत मोजायचं, मग हातातलं झाकण खाली टाकायचं, की पडदा.

स्पर्धेच्या दिवशी वीस झाले. मीही मोजत होते. बावीस, पंचवीस. झाकण आईच्या हातात तसंच. ती मान कलती करून प्रेक्षकांच्या बाजूला कान लावून बसलेली. मला वाटलं, विसरली. अठ्ठावीस. मला लहानपणापासूनच दम नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं घरात मलाच म्हणायचे. हाताशी झारा होता. तो मी परातीत आपटला.

पडदा पडला. समोर कोणीतरी हसलं.

काका विंगेत धावत आले. "अहो वहिनी, एवढं सगळं करून शेवटी झारा पाडलात?"

"निसटला हो हातातून," आई म्हणाली.

मी पुस्तक छातीशी धरून उभी होते. तोंड उघडलं नाही. नंबर आला नाही. वर परीक्षकांनी भाषणात भांड्यांचं ध्वनिमुद्रण फार स्वच्छ असल्याचं कौतुक केलं, आणि प्रशस्तिपत्र पार्श्वसंगीताचा टेपरेकॉर्डर लावणाऱ्याला मिळालं. आई त्यावर पोट धरून हसली. पण पुढच्या वर्षी काकांनी तिला बोलावलं नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. भांडी घासून मांडणीवर लागली. ह्याबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

सिनेमात स्वयंपाकघर पहिल्याच रिळात दाखवलं. एक देखणी नटी पोळ्या लाटत होती. "हिच्या ओट्यावर तेलाचा एक डाग नाही," आई माझ्या कानात म्हणाली. मला चेहरा दिसला ह्याचाच राग आला. नाटकात ती बाई कशी दिसते हे ज्याचं त्याने ठरवायचं असे, आणि मला खात्री आहे की जो तो आपल्या घरातलीच बाई बघायचा. पण एका ठिकाणी मलाही गप्प बसावं लागलं. पहाटे ती बागेत जाते आणि वेलीची सुटलेली फांदी तारेला बांधते, एवढंच. आई पुढे सरकून बघत होती. "हे मला भांड्यांत नसतं वाजवता आलं," ती म्हणाली.

मग तो प्रसंग आला. "झाला सौदा." नटीचा हात कणकेवर थांबला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून मोजायला लागले. एक, दोन, तीन. चारला व्हायोलिनं सुरू झाली, सहाला डोळ्यांतून पाणी, आणि मग बाई पदर खोचून बाहेर आली व तिने चांगलं पाच मिनिटांचं भाषण केलं. आजूबाजूला लोक नाक पुसत होते.

कॉलेज रोडवरून रिक्षाने घरी येताना माझी टकळी चालूच होती. "सगळा विचका केला. एवढा खर्च केला आणि वीस आकडे गप्प बसवलं नाही ह्यांना?"

"अगं, तुझ्यासारखाच असेल तो दिग्दर्शक," आई हसत म्हणाली. "त्यालाही दम निघाला नसेल."

मी पुन्हा रुमालाला पीळ घालायला लागले. मग म्हटलं, "आई, काकांना मी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"पण तू विसरली होतीस ना? वीस कधीच होऊन गेले होते."

"विसरेन कशी? लोक खोकायचे थांबले होते. अख्खा हॉल. माझं ऐकायला इतकी माणसं कधी गप्प बसली नव्हती गं. म्हटलं, बघू तरी किती वेळ बसतात."

रिक्षा सिग्नलला थांबली. ती रस्त्याकडे बघत होती. ह्या वेळी तरी तिला गप्प बसू द्यायचं असं मी ठरवलं, आणि मनात मोजायला लागले. सतरापर्यंत पोचले आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "दूध घ्यायचंय का गं?"