खंडेनवमीची स्कूटर

ओल्या झेंडूचा वास आला की मला आमच्या ईट गावातल्या घराचं अंगण आणि त्यात साचलेलं फेसाचं पाणी दिसतं. त्या खंडेनवमीला सकाळपासून लाईट नव्हती. पूजेसाठी वडील माझी नवी इलेक्ट्रिक स्कूटर धूत होते. अनवाणी, उकिडवे बसून, बैल घासावा तशी. मी दारात आलो तर चार्जर गाडीला लावलेला, वायर पाण्यात पडलेली, आणि वडील बादलीनं नेमकं तिथंच पाणी ओतत होते. “आण्णा, हात काढा! चार्जर लावून कुणी गाडी धुतं का?” ते हसले. “बैल धुताना म्होरं कडबा टाकतो का न्हाय आपण? लाईट आली की हिचंबी पोट भरंल.” मी धावत आत गेलो आणि भिंतीतला प्लग ओढून काढला. तो माझ्या हातातच होता, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला. बाहेर वडिलांचा ओला हात गाडीवरच राहिला. आता स्कूटर मीच ओल्या फडक्यानं पुसतो. पण अजूनही गेलेली लाईट आली, पंखा फिरला, की मी आधी वडील कुठं आहेत ते बघतो.