जेवून आलेले पाहुणे

मंद भाजून भरड दळलेल्या डाळीला एक खरपूस, किंचित गोडसर वास असतो. डब्याचं झाकण उघडलं की तो आधी नाकाशी येतो आणि मग सावकाश साऱ्या स्वयंपाकघरात पसरतो. आणि माघातल्या एखाद्या सकाळी मागच्या बागेतल्या संत्र्यांना बहर आलेला असला, खिडकीतून तो दरवळही आत येत असला, की दोन्ही गंध एकमेकांत मिसळून जातात आणि मला सुमन आठवते. सुमन माझी पत्नी. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

सौंसरला आमचं घर जामसांवलीच्या वाटेवर आहे. शनिवार-मंगळवारी मारुतीच्या दर्शनाला येणारे नागपूरचे, पांढुर्ण्याचे नातेवाईक परतताना ऐन दुपारी आमच्या दारात हमखास उतरत, कधी दोघं, कधी सात जण, आणि आगाऊ कळवण्याची रीत कुणालाच नव्हती. सुमनची त्यावर तक्रारही नव्हती. स्वयंपाकघरातली एक फळी तिनं खास याच माणसांसाठी राखलेली होती. त्या फळीवर भरड डाळीचा, म्हणजे भरड्याचा पितळी डबा, मूगवड्या, उन्हाळ्यात वाळवलेले ज्वारीचे पापडासारखे धापोडे, ताकात मुरवून सुकवलेल्या मिरच्या आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी असे. पाहुण्यांनी चपला काढून पाय धुवेपर्यंत फोडणी पडलीच पाहिजे, हा तिचा नियम. भरड्यात तिखट, मीठ, हळद आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून ती त्याचे गोळे वळी, अर्धवट शिजलेल्या भातात ते अलगद ठेवी आणि वर झाकण घाली. ताटात गोळा फोडून त्यावर हिंग-मोहरीची गरम फोडणी सोडली, की गप्पा आपोआप थांबत आणि काही क्षण घरात फक्त जेवणाचे आवाज उरत.

ती गेल्यावरही पाहुणे येत राहिले. मात्र आता ते जेवून येऊ लागले. कुणी मंदिराजवळच्या हॉटेलात उरकून घेई, कुणी घरूनच डबा आणून वाटेत झाडाखाली सोडी, आणि दारात पाऊल टाकायच्या आधीच सांगून मोकळं होई, “गुरुजी, आम्ही जेवूनच आलो बरं, तुम्ही काही करू नका.” चहासुद्धा त्यांच्याबरोबरच्या लेकी-सुना स्वतःच करत, कपबशा विसळून पालथ्या घालत आणि तासाभरात निघत. एकट्या म्हाताऱ्याला त्रास नको, इतकीच त्यांची भावना होती, हे मला कळत होतं. तरीही मी चिडत असे, आणि चिडलो हे सांगायचीही चोरी होती. ज्या घरात कुणी जेवत नाही ते घर हळूहळू बसायची खोली होऊन जातं, आणि माझं घर माझ्या डोळ्यांदेखत तसं होत चाललं होतं.

मग मी हट्टाला पेटलो. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, कढईचा कान कोणत्या हातानं धरायचा तेही मला ठाऊक नव्हतं. फळी पुन्हा भरायची ठरवली आणि पहिल्याच खेपेला दुकानातलं बारीक बेसन आणून गोळे केले. ते भातात विरघळून त्यांची पिवळी खळ झाली, आणि ती मी दोन दिवस मुकाट्यानं खाल्ली. चक्कीवाल्यानं समजावलं तेव्हा कुठे डाळ भरड दळून आणली. शेजारणीकडून धापोडे मागून घेतले. पण वाढायला माणूस हवा ना! पावसाळा आला, धापोडे सादळले, आणि फळीवरची धूळ मी दर शनिवारी पुसत राहिलो.

यंदा माघात कुंदा आली. ही सुमनची धाकटी बहीण, पांढुर्ण्याला असते, जिभेनं तिखट. हातात माझ्यासाठी आणलेला चार पुडांचा डबा होता.

“भाऊजी, भाजी-पोळी आणली तुमच्यासाठी. मी तं जेवूनच निघाली,” असं म्हणत तिनं तो टेबलावर ठेवला.

एरवी मी आभार मानून गप्प बसलो असतो. त्या दिवशी मात्र माझा आवाज नको तितका चढला. “कुंदा, माझ्या घरी भरडा आहे, मूगवड्या आहेत, सगळं आहे,” एवढंच बोललो.  ती उठून फळीपाशी गेली, पितळी डबा उघडला, चिमूटभर भरडा जिभेवर टाकला आणि सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसकण मारली.

“मांडा मंग भात. पाहू द्या मले, मास्तर काय करून राहिले तं.”

 गोळे वाकडेतिकडे वळले गेले, मोहरी करपली. ती मदतीला उठली नाही. तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल, हे मला नंतर उमगलं. मी ताट वाढलं. तिनं गोळा फोडला, भातात कालवला, दोन घास खाल्ले.

“आतून कच्चे राहिले, भाऊजी. मोहन कमी घातलं तुम्ही. ताईनं तुमाले काहीच शिकवलं नाही का हो?” आणि ताट पुढे केलं. “आणखी एक घाला. अन् तेल सोडा वरून, हात आखडू नका.”

दोन वर्षांत माझ्या घरात कुणी काही मागितलं नव्हतं. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. घरून पोटभर जेवून निघालेली ती बाई माझे कच्चे गोळे पुन्हा मागून खात होती.

ती गेल्यावर रिकामं ताट घासताना मला जवळच्या रामाकोना गावचे दौलतभाऊ आठवले. हे माझे जुने स्नेही, संत्र्याच्या बागेतला माणूस. मुलं नागपूरला, आणि त्यांची पत्नी सुमनच्या वर्षभर आधी गेली. त्यानंतर मी आणि सुमन त्यांना भेटायला निघालो होतो. वाटेत बसस्टँडवर मीच आग्रहानं जेवण मागवलं होतं, त्यांना कशाला त्रास, म्हणून. सुमननं ताटाला हात लावला नाही. “तुम्ही जेवा, मी तिथं जेवीन,” म्हणाली. आणि दौलतभाऊ पाणी घेऊन आले तेव्हा मी घाईनं दोघांच्याही वतीनं सांगून टाकलं, की आम्ही जेवून आलो. ती उपाशीच परतली. मला वाटलं होतं, बाई उगाच रुसली. त्यानंतरही मी दौलतभाऊंकडे चार-पाचदा गेलो, दर वेळी जेवून, आणि दर वेळी स्वतःच्या समजूतदारपणावर खूश होत.

पुढच्या आठवड्यात सकाळपासून काही न खाता मी रामाकोन्याच्या बसमध्ये बसलो. पोचलो तेव्हा भर दुपार होती आणि बागेकडून बहराचा वास येत होता. दौलतभाऊ अंगणातल्या खाटेवरून लगबगीनं उठले, पंच्यानं खाट झटकली.

“या गुरुजी. चहा ठेवतो. तुम्ही तं जेवूनच आले असान.”

“नाही, दौलतभाऊ. जेवायलेच आलो.”

 ऐकलं ते खरं की काय, असं ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि मग आत गेले. आतून एक डबा खाली घेतल्याचा आवाज आला. झाकण पुष्कळ दिवसांचं घट्ट बसलेलं असावं. त्यांनी ते पळीनं ठोकलं, पुन्हा ठोकलं, आणि शेवटी ते निघालं.

मी चपला काढल्या, अंगणातल्या रांजणाशी गेलो आणि त्यांना वेळ मिळावा म्हणून सावकाश, अगदी सावकाश पाय धूत राहिलो.