अडीच वाजताची नोंद

दौलत मेश्राम गेल्याची बातमी मला कोणी दिली नाही. ती इतरांना देण्याचं काम माझ्याकडे होतं. फरीदाबादला त्यांच्या घरी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मी यादी केली. आधी भंडाऱ्याचे नातेवाईक, मग कार्यालयातले, मग सोसायटीतले. एकेका नावापुढे खूण करत एकतीस फोन केले. बहुतेकांनी शेवटी एकच विचारलं, "त्रास नाही ना झाला?" आणि मी एकच उत्तर दिलं, "नाही. झोपेतच गेले. अगदी शांत." त्याला आता सहा आठवडे झाले. त्या एकतीस जणांतले बरेच जण ही पुरवणी वाचतात, म्हणून लिहिते आहे.

मेश्राम सर निरीक्षक होते. समुद्रात मासेमारी करणाऱ्या मोठ्या बोटींवर कंपनीची माणसं असतात, आणि त्यांच्याबरोबर एक माणूस असा पाठवतात जो मासे पकडत नाही, फक्त बघतो आणि लिहितो. गळ किती सोडले, कोणता मासा किती आला, चुकून कासव अडकलं का, ते जिवंत सोडलं की मेलेलं फेकलं. समुद्रातून किती काढायचं आणि कुठे हात आखडायचा, हे ठरवताना पुढे त्याचे कागद बघतात. कॅप्टनच्या पंक्तीला जेवायचं आणि त्याला अडचणीचं होईल ते लिहायचं, अशी ही नोकरी. भंडाऱ्याच्या तलावांच्या मुलखात वाढलेल्या सरांनी नोकरी लागेपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. त्यावर कोणी हसलं तर म्हणायचे, "तलावाले लाटा नसतात, एवढाच फरक. माणसं खोटं दोन्हीकडे सारखंच सांगतात." कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आमच्या लहानशा कार्यालयात निरीक्षकांचे अहवाल संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे होतं. समुद्र कुठे आणि दिल्ली कुठे! पण सरांची फाइल उघडली की ओलसर, खारट वास यायचा, हे खरं.

त्यांची माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. तेव्हा मी नवीन होते, आणि टापटिपीचा मला जरा जास्तच अभिमान होता. एका सफरीच्या त्यांच्या अहवालात कासवांच्या रकान्यात, गळांच्या दर फेरीला एक अशा, सलग अकरा ओळींना नुसती आडवी रेघ होती. मला ते अर्धवट काम वाटलं. कासव दिसलं नसेल म्हणून रेघ मारली असणार, असं समजून मी अकराही ठिकाणी शून्य भरलं, तक्ता देखणा केला आणि वर पाठवला. आठवड्याने सर माझ्या टेबलासमोर उभे राहिले. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने रापलेले, खांद्याला कापडी पिशवी.

"बर्वेबाई, हे शून्य कोणाचं?"

"माझं, सर. रेघा होत्या ना तिथे…"

"त्या चार दिवस मी तापानं बंकवर पडून होतो. कासवं काय माझी वाट बघत थांबली होती?"

"पण सर, रिकामं दिसलं तर साहेब विचारतात."

"विचारू द्या न! विचारावं म्हणूनच रेघ मारली. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि नव्हतं. रेघ म्हणजे मी पाहिलंच नाही. तुम्ही कायले माझ्या डोळ्यांनी बघता, दिल्लीत बसून?"

मग खुर्ची ओढून बसले आणि दुरुस्ती कशी करतात ते दाखवलं. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरी नोंद, सही, तारीख. खाडाखोड नाही, पांढरा रंग तर अजिबात नाही. अकरा दुरुस्त्या मी त्यांच्यासमोर केल्या. तो कागद वर गेला आणि साहेबांनी खरंच विचारलं. चार दिवस निरीक्षक काय करत होता? तापाचं औषध बोटीवरच्या पेटीतलं, डॉक्टरचा दाखला कुठून आणणार? सरांना ज्ञापन मिळालं आणि पुढच्या सफरींच्या यादीतून नाव गेलं. ते पुन्हा कधीच बोटीवर चढले नाहीत. माझी शून्यं तशीच राहिली असती तर कोणालाच काही कळलं नसतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. इतक्या वर्षांत त्यांनी ते एकदाही काढलं नाही. मीच एकदा कँटीनमध्ये विषय काढला, तर म्हणाले, "बाई, समोसा गार होतोय."

मग ते नव्या निरीक्षकांना शिकवू लागले. कोचीपासून वेरावळपर्यंतची मुलंमुली दिल्लीत यायची, आणि पहिल्याच दिवशी सर त्यांना गच्चीवर न्यायचे. दिल्लीच्या आकाशात घारींना तोटा नाही. "दस मिनट घारी गिनो," असं त्यांच्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगायचे आणि मध्येच चहा मागवायचे. कप उचलायला सगळे वळायचेच. मग एकेकाची वही बघायची. कोणाच्या चौदा, कोणाच्या नऊ. "और चाय पीते समय कौन गिन रहा था? तुम्हारी मम्मी?" सगळे हसायचे. मागे वळलेली दोन मिनिटं ज्याने वेगळी दाखवली असेल त्याला सर स्वतःच्या डब्यातलं काहीतरी द्यायचे. असा विद्यार्थी क्वचितच निघायचा, त्यामुळे डबा बहुधा शाबूत असायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी आमच्याच सोसायटीत घर घेतलं. त्यांच्या पत्नीची, लता वहिनींची, आणि माझी भाजी एकत्र यायची, त्यांची मुलगी प्रज्ञा माझ्याकडे अभ्यासाला बसायची. गेल्या वर्षी सरांच्या यकृतात गाठ निघाली. उपचार झाले, थकले, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी मला जमतं ते केलं : तक्ता आखला. दर अर्ध्या तासाची ओळ. श्वास, पाणी, औषध, आणि वेदना शून्य ते दहा. सरांच्या जुन्या क्लिपबोर्डला तो लावला. त्याची पेन्सिल बोटीवर घरंगळू नये म्हणून त्यांनी सुतळीने बांधलेली होती, ती तशीच होती. आजारातही त्यांचं लक्ष तक्त्यावर असायचं. "बाई, चारची ओळ कोणी भरली? तुम्ही तर भाजी घ्यायला गेल्या होत्या." मी रेघ मारायचे. ते डोळे मिटायचे.

त्या दिवशी दुपारी वहिनींना मी बळेच शेजारच्या खोलीत झोपवलं. त्या दोन रात्री जाग्या होत्या. प्रज्ञाचं बंगळुरूहून येणारं विमान संध्याकाळी उतरणार होतं. दोनची ओळ मी भरली. सव्वादोनला खालून फोन आला. ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन टेम्पो आलाय, पण गार्ड नोंदीशिवाय आत सोडत नाही. फोनवर सांगून काम झालं असतं. पण मला स्वतः केल्याशिवाय चैन पडत नाही. खाली गेले, गार्डला समजावलं, सिलिंडरचं सील तपासलं, टेम्पोवाल्याला उशिराबद्दल दोन शब्द सुनावले. वर आले तेव्हा तीनला वीस कमी होते. सर गेले होते.

वहिनींना उठवलं तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य निघालं, "वहिनी… झोपेतच गेले." डॉक्टर आले, त्यांनी तक्ता मागितला. अडीचची ओळ कोरी होती. वहिनी शेजारी उभ्या होत्या. मी पेन्सिल उचलली आणि लिहिलं : वेदना ०, शांत.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर प्रज्ञा कोणाला तरी सांगत होती, "मावशी शेजारीच होत्या, बाबांचा हात हातात घेऊन." हात मी कधी म्हटलंच नव्हतं. माझ्या एका शून्यातून तो उगवला होता. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. ताटं वाढायच्या निमित्ताने मी आत निघून गेले.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. क्लिपबोर्ड कपाटावर होता. मायलेकींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. गार्ड, सिलिंडर, तीनला वीस. मग त्या शून्यावर एक रेघ ओढली, शेजारी रिकाम्या नोंदीची आडवी रेघ मारली, सही केली, तारीख घातली. प्रज्ञा उठून खिडकीशी गेली.

"म्हणजे ते एकटे होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्रास झाला का, ते…"

"मला माहीत नाही, बेटा. मी पाहिलं नाही."

"मी तर भिंतीपलीकडेच होते," वहिनी एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आता या घराचं दार मला बंद झालं. मग त्यांनी क्लिपबोर्ड माझ्या हातून घेतला, चष्मा लावला, आणि अडीचच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"दोनला तुम्ही होत्या?"

"होते."

"मग ते सांगा."

मी सांगितलं. श्वास हलका, पण चालू. पाणी दोन चमचे, दुसऱ्यातलं थोडं ओघळलं, ते मी पुसलं. वेदना विचारल्या, त्यांनी तीन बोटं वर केली. डोळे उघडे, खिडकीकडे. मी औषध मोजत होते तेव्हा म्हणाले, "किती?" मला वाटलं गोळ्या विचारतायत. त्यांनी हनुवटीने बाहेर दाखवलं. मी खिडकीशी जाऊन नीट मोजल्या आणि सांगितलं, "तीन, सर." त्यांनी मान हलवली.

प्रज्ञाने ते दोनदा सांगायला लावलं. क्लिपबोर्ड आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत खुंटीवर आहे, सुतळीच्या पेन्सिलीसकट. ज्या एकतीस जणांना मी फोन केला होता, त्यांच्यासाठी ही दुरुस्ती. दोन वाजता आकाशात तीन घारी होत्या आणि सर त्या बघत होते. अडीच वाजता मी तिथे नव्हते.