ओदीलनं ठोकलेला खुंटा

लुइझियानाच्या दलदलीत ओदील व्हर्डाँनं चाळीस हिवाळे नुट्रिया पकडले. मांजराएवढा हा पाणउंदीर. कातडं शहरातल्या कोटांना, मांस गावातल्या रश्शाला. सापळा साखळीनं ज्याला बांधायचा, तो तिचा खुंटा कधी म्हणून उखडत नसे. "तुमचे खुंटे डुलतात, माझे मूळ धरतात," असं ती सापळे लावणाऱ्या पुरुषांना तोंडावर ऐकवायची.

त्या डिसेंबरात तिचा पाय घसरला आणि सावरायला टेकलेला हात थेट स्वतःच्याच सापळ्यात गेला. साखळी वीतभर, खुंटा पाण्याखाली. तिनं जीव खाऊन हिसडे दिले, पण तो जागचा हलेना. स्प्रिंग बुटानं दाबावी, तर सापळाच चिखलात रुतत जाई. भरती चढत होती. ओणव्यानं उभ्या ओदीलच्या हनुवटीला पाणी लागलं, तेव्हा तिला पाठीवरचं पोतं आठवलं. सकाळी मिळालेले तीन नुट्रिया होते त्यात. तिनं ते पोतंच चिखलात दाबलं, त्यावर सापळा टेकवला आणि सगळा भार टाचेवर टाकला. सापळ्याचा जबडा उघडला.

संध्याकाळी व्यापारी तेरियो नुट्रियांच्या पोटावरची लव चाचपत होता. भाव तिथल्याच केसांना.

"मावशी, पोटं चेंगरलीत यांची. कुत्र्यानं तुडवले की काय?"

सुजलेला हात ओदीलनं कोटाच्या खिशातून काढला नाही.

"म्हाताऱ्या कुत्रीनं," ती म्हणाली. "तिला सांगितलंय, खुंटे जरा ढिले ठोकत जा."