इंटरनेटचं भविष्य ऐकायला गेले तेव्हा

२०१७ साली मी तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर शिकवत होते. चौथीपर्यंतची, दोन शिक्षकांची शाळा. डहाणूला शिक्षकांची एक दिवसाची परिषद होती आणि त्यात ‘इंटरनेटचं भविष्य’ यावर बाहेरून आलेले एक तज्ज्ञ बोलणार होते. मुख्याध्यापक म्हणाले, “तुम्ही जा बाई. मी शाळा सांभाळतो.”

मी हौसेने निघाले. आदल्या दिवशी चौथीच्या मुलांना विचारलं, त्या साहेबांना काय विचारू? बहुतेकांना गेम हवे होते. वर्गात सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी मात्र म्हणाली, “माझी आई मोबाईलशी बोलली तर त्याला कळेल का?”

तिच्या घरी आदिवासींची वारली बोली होती; आईला तेवढीच यायची. मी प्रश्न वहीत लिहून घेतला.

सत्कार आणि प्रास्ताविकातच तासभर गेला. मग वक्ते उठले. तरुण, हसतमुख माणूस. दूध संपलं की स्वतःच मागवणारा फ्रीज, चालकाशिवाय धावणारी गाडी, डोळ्यांवर चष्मा चढवून पाहायचं जग, असं बरंच काही त्यांनी पडद्यावर दाखवलं. माझ्या शेजारी बसलेल्या, सरावलीच्या शाळेतल्या बाई उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. आम्ही शाळेची एका पानाची माहिती ऑनलाइन भरायला टेकडीवर चढून रेंज शोधायचो. त्याबद्दल अवाक्षर नाही.

शेवटी मी उभी राहिले आणि त्या मुलीचा प्रश्न विचारला.

“मोबाईलमध्ये मराठी तर आलीच आहे, मॅडम,” ते म्हणाले.

“मराठी नाही, वारली.”

“तिला लिपी आहे?”

“नाही.”

“मग अवघड आहे. पण तुम्ही मुलांना मराठी शिकवताच आहात ना? एका पिढीत हा प्रश्नच उरणार नाही.”

सभागृहात टाळ्या पडल्या. मी खाली बसले.

परतताना जीपमध्ये माझा राग धुमसत होता. शेजारी दोन बायका वारलीत गप्पा मारत होत्या. त्यांचं बोलणं मला अर्धंमुर्धं कळत होतं, आणि या भागात माझी सहा वर्षं झाली होती. तेव्हा आठवलं, ती मुलगी पहिलीत आली तेव्हा चित्रं पाहून भराभर नावं सांगायची, तिच्या बोलीतली. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, “असं नाही म्हणायचं.” हळूहळू ती गप्प झाली, आणि मला वाटलं, पोरगी शिस्तीची झाली. त्या वक्त्यांनी माझ्याच कामाचं वर्णन केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी घेरलं. मी म्हटलं, “त्यांच्या मोबाईलला तुमची बोली येत नाही. आणि मलाही येत नाही.”

“आम्हाला माहितीये!” सगळा वर्ग हसला.

ती मुलगी हसली नाही. “मग शिकणार तुम्ही?”

“शिकवशील?”

तिने मान डोलावली. त्या आठवड्यापासून शनिवारचा शेवटचा तास माझा झाला. मुलं फळ्यापाशी, मी खाली सतरंजीवर. माझे उच्चार ऐकून सगळी हसून लोळायची. ती मुलगी आश्रमशाळेत गेल्यावर तिच्या मागच्या वर्गातल्या मुलांनी मला शिकवलं.

२०१९ला माझी बदली झाली. निघायच्या आधी त्या मुलीची आई शाळेत आली आणि पायरीवर बसून बराच वेळ बोलली. पहिलीत असताना लेक रोज सकाळी पोट धरून बसायची, शाळेत जायचं नाही म्हणायची; पोटाला काहीच झालेलं नसायचं. हे सगळं तिने तिच्या बोलीत सांगितलं, आणि मला एकदाही पुन्हा विचारावं लागलं नाही.