इंग्लंडचा निकाल आणि माझी सुपारी

आमच्या नात्यात एखाद्या पोरीचं लग्न ठरायला लागलं की अजूनही कुणीतरी हमखास विचारतं, "हिच्यासाठी कुठल्या देशात मतदान ठेवलंय?" मग सगळे माझ्याकडं बघून खिदळतात. हसा, हसा. माझी सुपारी फुटायला अख्ख्या इंग्लंडला मत द्यावं लागलं, हे खरंच आहे. तुमच्यापैकी कुणाचा एवढा थाट झालाय का?

आम्ही मूळचे खान्देशातले, पण कामासाठी कोसाडला राहायचो. पप्पा पॉवरलूमवर. लूमच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळं घरातही ते ओरडूनच बोलायचे. नुसतं "चहा दे" म्हणाले तरी शेजारीण काय झालं म्हणून डोकावून जायची. मी टेक्सटाइल मार्केटमध्ये साडीच्या दुकानात नोकरीला होते. बारडोलीला एका लग्नात एका पोरानं मला बघितलं, मी त्याला बघितलं, आणि जेवणाच्या पंगतीत त्यानं मला तीनदा मठ्ठा वाढला. मला मठ्ठा आवडत नाही. तरी प्यायले, म्हणजे बघा.

मुलगा दमणचा. त्याची आई आमच्याच खान्देशातली, दमणला दिलेली, त्यामुळं रीतभात सगळी ओळखीची. गोम एकच होती. दमणवर पूर्वी पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्याचे आजोबा त्या राज्यात जन्मले, एवढ्या आधारावर नातवाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला होता. दमणमध्ये असे कितीतरी आहेत. पोर्तुगालमध्ये त्यानं पाऊलही ठेवलं नव्हतं, पण पोर्तुगाल युरोपच्या संघात, इंग्लंडही त्याच संघात, म्हणून हा पठ्ठ्या सरळ लेस्टरला जाऊन बिस्किटांच्या कारखान्याला लागला. लग्नानंतर मलाही तिकडंच जायचं होतं.

आमच्यात दोन्हीकडच्या माणसांसमोर सुपारी फोडतात आणि तिचे तुकडे वाटतात. सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग कुणी मागं फिरत नाही. मम्मीनं ब्लाउजपीससुद्धा आणून ठेवलं होतं. आणि नेमकं तेव्हाच इंग्लंडला सुचलं, की युरोपच्या संघात राहायचं का बाहेर पडायचं, ते लोकांना विचारूया. टीव्हीवर हे ऐकलं आणि पप्पांनी घास तसाच ताटात ठेवला.

"आधी तिकडचं ठरू दे," ते म्हणाले. "मग सुपारी."

मी म्हटलं, "तिकडच्या लोकांचा अन् माझ्या लग्नाचा काय संबंध?"

"संबंध आहे. निकालाच्या दिवशी पाहुण्यांना बोलवा. निकाल बघू, मग बोलू."

"अहो, हा काय दहावीचा निकाल आहे?" मम्मी वैतागली. पण पप्पांनी एकदा मान हलवली की हलवली.

मग काय, आमच्या दोन खोल्यांत इंग्लंड शिरलं. पप्पा कामावरून आले की हातपाय न धुता टीव्ही लावायचे. "राहू म्हणणारे पुढं" असं कुणी सांगितलं की तोंड पाडून बसायचे. मी आपली समजूत घातली, दिवसभराचा शीण असेल. आमचा सगळ्यांचा हिशोब सरळ होता. संघात राहिले तर जावयाची नोकरी टिकली, सुपारी फुटली. बाहेर पडले तर जावई घरी बसला, सुपारी गेली उडत. मी तर मार्केटमधल्या देवळात, आयुष्यात न पाहिलेल्या गोऱ्या लोकांना सुबुद्धी दे म्हणून नारळ फोडून आले. मैत्रिणी चिडवायच्या, "एखादा नारळ लेस्टरलाही पाठव." मला रडू यायचं आणि हसूही यायचं.

निकालाच्या दिवशी पप्पांनी कामावर खाडा केला. सकाळीच दमणहून त्याचे आईवडील आले, हातात पेढ्यांचा करंडा. शहाद्याहून आमची आत्या आदल्या दिवशीच येऊन बसली होती. पाटावर तांदूळ, त्यावर सुपारी, शेजारी पितळी बत्ता, आणि सगळ्यांची तोंडं मात्र टीव्हीकडं. मी नवी साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी. एवढं नटून टीव्ही बघायची वेळ देवानं वैऱ्यावरही आणू नये.

हिंदी चॅनेलवाला किंचाळला. इंग्लंड संघातून बाहेर!

"काय व्हयनं?" आत्यानं विचारलं. विहीणबाईंनी करंडा हळूच पायामागं सरकवला. मम्मीनं पदर तोंडाला लावला. माझ्या डोळ्यांसमोर नुसता तो मठ्ठ्याचा जग आला, आणि मग असा राग आला म्हणता! एवढ्या लांबच्या लोकांनी माझ्या पाटावरची सुपारी उचलून न्यावी?

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. पप्पांनी बत्ता उचलून सुपारी फोडली होती. एक तुकडा उडून थेट टीव्हीखाली गेला.

"वाटा!" पप्पा ओरडले. "बघता काय? पेढे काढा!"

"अहो, पण ते बाहेर पडले ना?" मम्मी म्हणाली.

"मग तेच तर!" पप्पांचा चेहरा नुसता फुलला होता. "आता याला तिकडं कोण ठेवतंय? दोन महिन्यांत दमणला येतो का नाही बघा. तिथं कारखाने काय कमी आहेत? मी स्वतः लावतो कामाला. पोरगी दमणला. सकाळची गाडी धरली की दुपारच्या जेवणाला मी हिच्याकडं!"

म्हणजे इतके दिवस हा बाबा बाहेर पडण्याच्या बाजूनं होता! मी देवळात नारळ फोडत होते आणि हे घरात बसून नेमकं उलटं मागत होते. "आधी बोलायला काय झालं होतं?" मी बाहेर येऊन ओरडले. पप्पांची लेक आहे, माझाही आवाज लहान नाही. पण ओरडता ओरडता हसायलाच आलं, आणि मग सगळं घर हसत सुटलं. विहीणबाईंनी पेढे फिरवले. व्याही "सारु थयु, सारु थयु", म्हणजे चांगलं झालं, म्हणत पप्पांना मिठी मारून मोकळे झाले.

मग लेस्टरला त्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं जेमतेम उजाडलं होतं. पप्पांनी फोन हातात घेतला आणि दणक्यात सांगितलं, "जावईबापू, सामान बांधा! तुम्हाला काढलं!"

तो बिचारा डोळे चोळत म्हणाला, "पप्पा, आत्ता लगेच कुणी काढत नाही. यात वर्षं जातील. आधीपासून राहणाऱ्यांना बहुतेक राहू देतील, असं इथं सगळे म्हणतायत."

"आणि काढलंच तर?"

"काढलंच तर पोर्तुगालला जावं लागेल. पासपोर्ट तिथला आहे ना माझा, आपल्याकडचा सोडावा लागला."

पोर्तुगालचा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. तो दमणचा, म्हणजे काढला की दमणला येणार, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. पप्पांनी फुटलेल्या सुपारीकडं बघितलं. मग माझ्याकडं. विहीणबाई चांगल्या मनाच्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, मनात नसेल तर आत्ताच सांगा. आम्हाला राग नाही."

पप्पांनी मला जवळ बोलावलं, हात धरला आणि अगदी हळू आवाजात, मी त्यांचा तसा आवाज त्याआधी ऐकलाच नव्हता, म्हणाले, "बेटा, तू जवळ राहशील असं वाटलं होतं गं मला. म्हणून सगळं."

"मला जायचंय, पप्पा," मी म्हटलं.

त्यांनी फोन पुन्हा तोंडासमोर धरला. "विमानाला किती वेळ लागतो हो?"

"मुंबईहून नऊ-दहा तास."

"एवढाच?" पप्पा पुन्हा ओरडायला लागले. "गावच्या जत्रेला जायचं तर भुसावळ पॅसेंजर अन् पुढची एसटी धरून मला तेवढाच लागतो! मग लांब कुठंय? पेढा दे रे कुणीतरी हिला!"

मम्मीनं पेढा पुढं केला. आत्या ओरडली, शुभकार्यात डावा हात पुढं करू नये म्हणून. पण उजवा हात पप्पा सोडेचनात. मग मी पेढा डाव्या हातानंच खाल्ला.