नखांतला गाळ

कराडच्या माझ्या औषधाच्या दुकानात तो नेहमी उजवा कान पुढे करून उभा राहतो. डाव्याचा पडदा फाटलाय. श्वास रोखून खोल विहिरीचा तळ गाठायचा आणि पुरावा म्हणून मूठभर गाळ वर आणायचा, हा त्याचा नाद. पडदा भरून येईपर्यंत पाण्यात उतरलास तर कान कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय.

"आवं ताई, पाण्याला शिवलो न्हाई. लय शाना झालोय," तो आज म्हणाला आणि बुडी मारण्याआधीच्या सवयीनं नाक चिमटीत धरलं. मग थेंबांच्या बाटलीसाठी हात पुढे केला. नखांत हिरवट गाळ होता, शेवाळाचा वास येणारा.

मी बाटली परत कपाटात ठेवली.

"डॉक्टरांकडे जा. आधी हात दाखव, मग कान."